बाळहिरड्यामागे जावळीत

गेल्या महिन्यात नातीची गुटी उगाळायला बसले आणि दुसऱ्याच वेढ्याला हिरडा सहाणेवर फुटला. आतून पिवळट भुगा निघाला. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, खारीक, बदाम सगळं ठीक होतं, हिरडाच किडका. नवी पुडी आणली, तीही तशीच. माझ्या सासूबाईंच्या गुटीच्या डब्यातला हिरडा गारगोटीसारखा होता. आमच्या घरातली चार मुलं त्याच्यावर वाढली, तरी तो निम्मासुद्धा झिजला नव्हता.

वाईला आयुर्वेदाची वैद्यकी करणारे माझे धाकटे दीर त्या दिवशी घरी होते. म्हणाले, "वहिनी, तो हिरडा दुकानातला नव्हताच. आईकडे मेढ्याकडची कातकरीण यायची, आठवतं का?"

आठवलं. वर्षातून दोनदा यायची. शिकेकाई, हिरडा, कधी मध. मागच्या दारी बसायची. कान तुटलेली एक कपबशी तिच्यासाठी न्हाणीघराच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे, आणि त्या कपात चहा ओतून द्यायचं काम माझं होतं. दहा-बारा वर्षं मी तिला चहा दिला. तिचं नाव मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही.

"सध्या बाळहिरड्याचेच दिवस आहेत. जायचं का?" भाऊजींनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं.

पहिला दिवस, गुरुवार

साताऱ्याच्या स्टँडवरून सकाळी मेढ्याची एसटी पकडली. मोळाचा ओढा, कोंडवे मागे पडलं की उन्हाळ्यातला कण्हेरचा जलाशय दिसू लागतो. पाणी बरंच खाली गेलेलं, काठाची तडकलेली काळी माती उघडी पडलेली. ही वेण्णा महाबळेश्वरच्या माथ्यावरून येते, आणि आम्ही तिच्या उलट्या दिशेने वर चाललो होतो.

मेढ्यात भाऊजींचे शाळेपासूनचे स्नेही भेटले. निवृत्त शिक्षक, सगळा जावळी तालुका त्यांना गुरुजी म्हणतो. कातकरी मुलांना शाळेत आणण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. जेवून त्यांच्याच ओळखीच्या जीपने केळघरच्या बाजूला निघालो. रस्ता सोडून डोंगराच्या पायथ्याशी वस्ती आहे. तिचं नाव इथे लिहीत नाही, तसं मी तिथल्या लोकांना कबूल केलं आहे.

पंधरा-वीस घरं. काही पक्की घरकुलं, बाकी कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली. निम्म्या दारांना कुलपं होती, काहींना नुसती दोरी. "भट्टीवरची माणसं अजून परतली नाहीत," गुरुजी म्हणाले. दिवाळी झाली की मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो आणि कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसा पाडायला निघून जातात. ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. मुलांच्या शाळेचं वर्ष त्यातच संपतं. हिरडा गोळा करायला मागे राहतात ती म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि ज्यांनी यंदा उचल घेतली नाही अशी एखाद-दोन घरं.

कातकरी हे नावच मुळी झाडावरून पडलं. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून कात काढणारे ते कातकरी, काथोडी. जंगलं राखीव झाली, खैरतोड बंद झाली, धंदा गेला आणि नाव तेवढं उरलं. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार अतिमागास आदिवासी मानतं, त्यांत माडिया आणि कोलामांच्या बरोबरीने कातकरी आहेत. पण आदिवासींसाठी खास तरतुदी असलेल्या अनुसूचित क्षेत्रात सातारा जिल्हा येत नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळ्यांचा हिरडा निदान चर्चेत तरी येतो, त्यासाठी मोर्चे निघतात. इथे इनमीन पंधरा घरं. त्यांचा मोर्चा कोण काढणार?

जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासून इथे राहत असल्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आज्यापणज्यांनी आयुष्यभर डोंगर बदलले, त्यांनी तो कुठून आणायचा? हे सांगताना गुरुजींचा आवाज चढला होता. एकेका दाखल्यासाठी त्यांनी किती हेलपाटे घातले ते मी मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

उद्या ज्या आजींबरोबर वर जायचं त्या संध्याकाळी भेटल्या. सत्तरीच्या पुढच्या, काटक. माझ्या चपलांकडे बघून म्हणाल्या, "ह्या न्हाय चालायच्या. कारवीची खुटं घुसत्याली." रात्री गुरुजींच्या घरी मुक्काम. त्यांच्या सुनेचे बूट मला नेमके बसले.

दुसरा दिवस, शुक्रवार

पहाटे पाचला निघालो. आजी, त्यांची सून, चौदा-पंधरा वर्षांचा नातू, आणखी दोन बाया, भाऊजी आणि मी. सुनेच्या पाठीला झोळीत मूल. नातवाच्या खांद्यावर लांब बांबू, त्याच्या टोकाला बांधलेली आकडी.

पहिला तास नुसता चढ. खालच्या टप्प्यात करवंदीच्या जाळ्या. करवंदं नुकती काळी पडू लागलेली, चालता चालता मूठ भरून घ्यावी. धायटीचा लाल बहर ओसरला होता, पण काही झुडपांवर सुकलेली फुलं अजून होती. आजींनी ती ओरबाडून ओच्यात टाकली. "ह्याचं पण पैसं येत्यात." भाऊजी थांबून म्हणाले, "वहिनी, आपण औषधाच्या दुकानातून जी आसवं-अरिष्टं आणतो ना, ती या फुलांवर आंबतात. धायटी नसेल तर द्राक्षासवाची नुसती साखरपाण्याची बरणी होईल."

वर गेलो तसं रान बदललं. अंजनी, जांभूळ, पिसा. महाबळेश्वरच्या रानाची ओळखच या तिघांच्या नावाने सांगतात. त्यांच्या सावलीत उन्हाळा एकदम मागे राहिल्यासारखा झाला. आणि या सदाहरित गर्दीच्या कडेला, जिथे ऊन पोचतं तिथे, हिरडा. काळपट, भेगाळलेल्या सालीचा, फार उंच नाही. मी आयुष्यभर हिरडा वापरला, पण झाड पहिल्यांदाच पाहत होते. आजींनी एक पान तोडून देठ माझ्या बोटांत दिला. पान जिथे सुरू होतं तिथे देठावर दोन बारीक फोड हाताला लागतात. "हे दोन डोळं. हे असलं म्हंजी हिरडा. बेहड्याचं पान निराळं." इतक्या साध्या खुणेने झाड ओळखीचं होतं. त्यानंतर दिवसभर मी प्रत्येक पानाचे डोळे चाचपत होते.

हिरड्याचं फळ एकच, पण वयाप्रमाणे त्याची नावं आणि गिऱ्हाइकं बदलतात. आठोळी म्हणजे आतली कठीण बी धरायच्या आत जे कोवळं फळ उतरवतात, वाळून काळं आणि कठीण होतं, तो बाळहिरडा. गुटीतला तो हाच. त्याहून मोठं, अर्धं तयार झालेलं फळ म्हणजे चांभारी हिरडा. त्यातल्या तुरटपणाने कातडं कमावलं जातं. लोखंडाच्या संगतीने हिरडा काळा रंग देतो, म्हणून रंगाऱ्यांनाही तो लागे आणि शाई करणाऱ्यांनाही. झाडावरच पूर्ण भरलेलं, पिवळसर, पाच कडांचं फळ थंडीत उतरतं, तो सुरवारी हिरडा. त्रिफळा चूर्णात आवळ्या-बेहड्याच्या जोडीला जातो तो. बाळहिरड्याला भाव जास्त, म्हणून आता सगळ्यांची नजर कोवळ्या फळावर असते.

नातू सरसर झाडावर चढला. आकडीने फांदी हलके ओढायची, हलवायची, सोडायची. खाली बायांनी जुनी लुगडी अंथरलेली. टपटप हिरवे थेंब पडल्यासारखी फळं पडली. करंगळीच्या टोकाएवढी. सून आणि मी वेचत होतो. मध्येच मूल रडलं तर ती त्याला पाजायला बसे, पण वेचणारा एक हात थांबत नसे.

अर्ध्या तासाने आजींनी वर हाक मारली, "बास. उतर खाली."

झाडावर अजून भरपूर फळ दिसत होतं. मी विचारलं, एवढं ठेवलं कशाला? त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. एक वाटा झाडाचा, तो पिकून खाली पडेल. एक भेकराचा. एक थंडीत परत येऊ तेव्हाचा. "भेकर हिरडा खातं आन् रवंथ करताना आठोळी टाकतं. ती आठोळी उगवती. आपण पेरली तर न्हाय उगवत लवकर." कवच फार कठीण असल्याने हिरड्याचं बी रुजायला अवघड जातं, हे रोपवाटिकावाल्यांचंही रडगाणं आहे, असं भाऊजी म्हणाले. ते शिकायला त्यांना पुस्तक लागलं होतं.

थोडं पुढे एका झाडाच्या सगळ्या खालच्या फांद्या कोयत्याने उतरवलेल्या होत्या. पानं जागेवर वाळलेली. आजी झाडाजवळ गेल्या, कापलेल्या जागेवर हात ठेवला, काहीच बोलल्या नाहीत. सून म्हणाली, बाहेरची माणसं टेंपो घेऊन येतात. त्यांना चढायला वेळ नसतो, फांदीच खाली आणतात आणि बसून फळं तोडतात. फांदीला परत फळ धरायला काही वर्षं जातात. आणि जंगलात नुकसान दिसलं की पहिली विचारपूस वस्तीवर होते, कारण पायी चालणारा माणूस सापडतो, टेंपो सापडत नाही.

त्याच वाटेवर नरक्याचा एक बुंधा दाखवला त्यांनी. फुलांच्या घाण वासामुळे हे नाव. चीनमधल्या एका झाडातून १९६६ साली कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य अमेरिकेत वेगळं काढलं गेलं. १९७२ साली आपल्याच रसायनशास्त्रज्ञांना ते सह्याद्रीतल्या नरक्यात सापडलं. त्याच्यापासून पुढे कर्करोगावरची औषधं बनली. माणसं त्याने वाचली, वाचतात. पण इथल्या नरक्याच्या वाट्याला कुऱ्हाड आली. चोरून तोड झाली, मुळासकट गेला. आजींना कॅम्प्टोथेसिन ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांना एवढंच माहीत की वासाच्या त्या झाडाला एकाएकी भाव आला, आणि मग ते झाड दिसेनासं झालं.

दुपारी झऱ्याकाठी बसलो. नाचणीची भाकरी, सुकटाची चटणी, वर करवंदं. भाऊजींनी एक कोवळा हिरडा चावून पाहिला, तोंड वेडंवाकडं केलं आणि त्यावर पाणी प्यायले. हिरडा चावून पाणी प्यायलं की ते गोड लागतं. मग त्यांना स्फुरण चढलं. चरकाच्या चिकित्सास्थानाची सुरुवातच हरीतकी-आमलकीच्या रसायनाने होते. खारट सोडून पाचही रस तिच्यात आहेत. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. "यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी," ते म्हणाले, आणि आजींसाठी अर्थ सांगितला. ज्याच्या घरी आई नाही त्याची आई हिरडा. आई एखादे वेळी रागावेल, पोटात गेलेला हिरडा कधी रागावत नाही.

आजी हसल्या. म्हणाल्या, "खरं हाय. पर आईला बी कुणी इचारलं पायजे, तू जेवलीस का म्हणून."

संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसलो होतो तेव्हा भाऊजींनी केरळची गोष्ट सांगितली. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात अगस्त्यकूडमच्या डोंगरात काणी नावाचे आदिवासी राहतात. १९८७ साली काही शास्त्रज्ञ तिथे वनस्पतींच्या शोधात गेले. चढताना त्यांचा जीव मेटाकुटीला आला, पण वाटाडे काणी तरुण मात्र टवटवीत. ते मधूनमधून कसलीशी काळी फळं खात होते. आधी सांगेनात. ते जमातीचं गुपित होतं. शेवटी सांगितलं. ती आरोग्यपच्चा, जमिनीलगत वाढणारी लहानशी वनस्पती. तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यानाच्या संशोधन संस्थेने तिच्यात अश्वगंधा, पिंपळी वगैरे घालून 'जीवनी' नावाचं औषध केलं. १९९५ साली एका औषध कंपनीला परवाना दिला आणि मिळणाऱ्या पैशांतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. १९९७ साली काणींचा स्वतःचा न्यास उभा राहिला. पुढे लागवडीवरून वनखात्याशी अडलं, सगळ्या काणींना आधी विचारलं नाही अशी तक्रारही झाली. पण ज्ञान ज्यांचं, पैशात वाटा त्यांचा, हे कागदावर उतरलं.

सगळं ऐकून घेतल्यावर आजींनी एकच प्रश्न विचारला. "फळं दावली त्या पोरांची नावं काय?"

भाऊजींना ती पाठ होती. "मल्लन काणी आणि कुट्टिमाथन काणी."

आजींनी दोन्ही नावं हळूच उच्चारून पाहिली. मी खाली बघत बसले. मला न्हाणीघरातला कोनाडा दिसत होता.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळी कातळावर हिरडा वाळत घालायचा. पातळ थर, मधूनमधून पायाने उलथवायचा. कालचा हिरवा आज तपकिरी, चार-पाच उन्हांनी काळा. मुठीत घेऊन हलवला आणि खड्यांसारखा खडखडला की झाला. आमच्या घरातला हिरडा किडका का निघाला तेही इथे कळलं. पुरता न वाळवता पोत्यात भरला की कीड धरते. वस्तीतून तो वाळलेलाच निघत असला तरी पुढे कुठे, किती पावसाळे पडून राहतो, कोणास ठाऊक.

दुपारी तीनला पश्चिमेकडे आभाळ काळं झालं. वळीव. मी इतक्या झपाट्याने माणसं धावताना क्वचित पाहिली आहेत. म्हातारे, पोरं, सुया-दोरा टाकून आलेल्या बाया, सगळे कातळावर. पाट्या, सुपं, लुगडी, जे हाताला लागेल त्यात हिरडा भरायचा. मीही पदर पसरला. पहिले टपोरे थेंब पडेपर्यंत बराच आत गेला होता, बराच राहिला. भिजलेल्या हिरड्यावर बुरशी येते आणि त्याचा भाव पडतो. पाऊस पंधरा मिनिटांत गेला. मातीचा वास सुटला, पोरं नाचली. आजी दारात बसून ओला हिरडा एकेक करून पुसत होत्या.

पाऊस थांबल्यावर व्यापाऱ्याचा माणूस मोटारसायकलवरून आला. ताणकाटा त्याचाच, भाव त्याचाच, आणि मागच्या मीठ-मिरचीची, चहापुडीची उधारी त्याच्याच वहीत. तो माणूस उद्धट नव्हता. आजींना मावशी म्हणाला, नातवाला गोळी दिली. वजन केलं, वहीत काहीतरी वजा केलं आणि उरलेल्या नोटा हातात ठेवल्या. मी साताऱ्यात शंभर ग्रॅमच्या किडक्या पुडीला जेवढे पैसे दिले होते, त्याहून किलोचा भाव कमी होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या मालावर, वनवासींची मालकी मान्य केली आहे. गोळा करायची, वापरायची आणि विकायचीही. त्यामुळे आजी ज्याला "रानातनं आणलेलं" म्हणतात तो कायद्याने त्यांचा माल आहे. पण मालक असण्यासाठी साठवायला कोरडी खोली, स्वतःचा काटा आणि उधारीविना जाणारे दोन महिने लागतात. गुरुजी सध्या त्या खोलीच्या मागे आहेत. वस्तीतल्या बायांचा बचत गट आहे. वाईला भाऊजींच्या ओळखीचे सात-आठ वैद्य थेट माल घ्यायला तयार होतील. रात्री बराच वेळ आम्ही तिघं वहीवर आकडे मांडत बसलो. यंदा निदान एक पोतं तरी व्यापाऱ्याकडे न जाता वाईला जाईल, एवढं ठरलं.

चौथा दिवस, रविवार

निघण्याआधी वस्तीवर गेलो. आजींनी चहा केला. कोरा, गुळाचा. स्टीलचे चार पेले होते, त्यातला एक माझ्या हातात दिला. मी पिऊन झाल्यावर सुनेने तोच विसळून त्यात स्वतःसाठी चहा ओतला.

मग मी धीर करून विचारलं. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी साताऱ्याला हिरडा-शिकेकाई घेऊन जाणारी एक बाई होती, सावळी, कपाळावर गोंदण, तुमच्या ओळखीची का?

"लई जणी जायच्या," आजी म्हणाल्या. "माजी सासू जायची. तिची भन जायची. आमी बी गेलो. गोंदण समद्यांनाच. नाव काय तिचं?"

माझ्याजवळ सांगायला नाव नव्हतं. त्यांनीही पुढे काही विचारलं नाही.

केळघर घाटाने महाबळेश्वर गाठलं. सुट्टीची गर्दी, गाड्यांची रांग. बाजारात मधाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. मधाचं इथे चांगलं झालं आहे. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, २०२२ पासून जवळचं मांघर 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं, गोळा करणाऱ्याच्या गावाचं नाव बाटलीबरोबर गिऱ्हाइकापर्यंत पोचतं. हिरड्याचं असं का होऊ नये, यावर पसरणीचा घाट उतरेपर्यंत भाऊजी आणि मी बोलत होतो. वाईला ते उतरले. मी दिवेलागणीला घरी पोचले.

आजींनी निघताना सात बाळहिरडे दिले होते, स्वतः निवडून, पदराच्या गाठीत बांधून ठेवलेले. पैसे घेतले नाहीत. "नातीला एका टायमाला एकच येढा, जादा न्हाय. एरंडेलात परतून घे आधी." मी त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि पेपरात-बिपरात लिहू नको म्हणाल्या, म्हणून इथे लिहिलेलं नाही.

गुटीच्या डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवून मी ते नाव लिहून ठेवलं आहे. लेकीने आज सकाळी डबा उघडला आणि विचारलं, "आई, हे कोण?"

मी तिला जवळ बसवून घेतलं आणि कपबशीपासून सांगायला सुरुवात केली.